एक्केचाळिसावं मिनिट

३ तारीख, सोमवार

ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत लिहिते आहे. ही वही कोरी नाही. पहिल्या चार पानांवर मुंगीने घोडे काढलेत. ते घोडे आहेत हे तिचं म्हणणं. मला ते पाय फुटलेले बटाटे वाटतात, पण तसं बोलायची सोय नाही. उरलेली पानं माझी. घरात बोलायला सध्या पाच वर्षांचं एकच माणूस आहे, आणि ज्याबद्दल बोलायचं ते नेमकं त्याच माणसासमोर बोलता येत नाही, म्हणून हा खटाटोप.

मुंगी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. कायम स्वतःपेक्षा मोठं काहीतरी ओढून नेत असते, उशी, खुर्ची, एकदा तर इस्त्रीचं टेबल, म्हणून मुंगी. पाच आठवडे झाले, ती माझ्याकडे आहे. धाकटी दवाखान्यात आहे, रक्ताच्या आजाराने. मुंगीचा बाप ती पोटात असतानाच निघून गेला. त्याच्यावर या वहीतली एक ओळही खर्च करणार नाही. (ही झाली तेवढी बास.)

मुंगीला मी सांगितलंय की दवाखान्यात लहान मुलांना सोडत नाहीत. हे खोटं आहे. रोज चार ते पाच सोडतात. पण धाकटीचे केस पार गेलेत, चेहरा सुजलाय, असं ती स्वतःच फोनवर सांगते. पाच वर्षांच्या पोरीने आईचं हे रूप बघावं का? लहान मुलांनी काय बघावं नि काय नाही हे ठरवायचाच मला चौदा वर्षं पगार मिळतोय. मला नाही कळणार तर कुणाला कळणार?

आज नवा चित्रपट आला. कार्टूनचा, राक्षसाचा. आमचं काम सांगायला सोपं: शिक्का ‘सर्वांसाठी’ मारायचा की ‘सात वर्षांवरील’. त्यासाठी चित्रपट तीनदा तपासायचा. एकदा नुसतं चित्र, आवाज बंद. एकदा नुसता आवाज, पडदा बंद. तिसऱ्यांदा पाच लहान मुलं पडद्यासमोर बसवायची आणि आपण पडद्याकडे पाठ करून त्यांच्याकडे बघत बसायचं. ही रीत मला ज्यांनी शिकवली त्या बाई म्हणायच्या, सगळं एकदम बघितलं की भीती कुठून आली ते कळत नाही. मी आजवर त्यात काडीचाही बदल केलेला नाही.

आज नुसतं चित्र बघितलं. राक्षस एका धुलाईघरात बॉयलरच्या मागे राहतो. अंगभर जमिनीला लोळणारे हिरवट केस, तीन डोळे, आणि बोटं इतकी की मोजायचा कंटाळा यावा. आजूबाजूच्या मुलांशी त्याची गट्टी जमते. इथवर ठीक. मग एक्केचाळिसाव्या मिनिटाला त्याचे सगळे केस गळून पडतात. तो वाळत घातलेल्या चादरीमागे लपतो. चादर हलत राहते. पुढे चादर बाजूला होते आणि तो तसाच, उघडा, गुलाबी, समोर येतो.

मी कामाच्या वहीत ‘प्रसंग तीव्र’ असं लिहिलं.

मुंगीच्या बालवाडीला दोन आठवडे सुट्टी आहे, त्यामुळे ती ऑफिसात माझ्याबरोबर येते आणि चित्रपट लावणाऱ्या ऑपरेटरच्या केबिनमध्ये रंगपेटी घेऊन बसते. तिला पडद्याच्या खिडकीकडे पाठ करून बसवायचं, अशी त्यांना ताकीद दिली आहे. ‘हो मॅडम,’ म्हणाले. ऑपरेटर भला माणूस आहे, फक्त सगळ्यालाच हो म्हणतो.

४ तारीख, मंगळवार

मधल्या सुट्टीत दवाखान्यात गेले. धुतलेले कपडे खालच्या टेबलावर दिले, मळके घेतले. वर जाणारच होते, पण लिफ्टपाशी ही गर्दी. चार मजले चढायचे तर सुट्टी तिथेच संपली असती. निघून आले.

संध्याकाळी धाकटीचा फोन. येत्या एकोणीस तारखेला तिला वेगळ्या खोलीत हलवणार. मोठा उपचार तिथेच. सहा आठवडे काचेच्या दाराआड, कुणीही भेटायचं नाही, आणि सहा आठवड्यांनी काय असेल ते डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नाहीत.

‘त्याच्या आधी मुंगीला घेऊन ये, ताई,’ म्हणाली. ‘अठरापर्यंत कधीही.’

मी म्हटलं, बघू.

‘बघू’ म्हणायची माझी सवय आईकडून आलेली आहे. आई बघू म्हणाली की ती गोष्ट होणार नाही हे आम्हा दोघींना लहानपणीच कळायचं.

६ तारीख, गुरुवार

आज आवाजाची तपासणी. पडदा बंद, अंधारात मी एकटी, कानावर हेडफोन. पाऊल, श्वास, दार, किंचाळी, सगळं मिनिटासकट टिपायचं. या कामात मी आजवर खुर्चीतून उठलेली नाही. एकदा दाढ ठणकत होती तेव्हाही नाही.

आज उठले. बरोबर एक्केचाळिसावं मिनिट लागत होतं आणि मांडीवरचा फोन थरथरला. धाकटी. दवाखान्याचा फोन असला की मनात नको नको ते येतं, म्हणून बाहेर व्हरांड्यात जाऊन घेतला.

‘तू तिला आणणार आहेस की नाही, एकदाचं सांग.’

मी म्हटलं, ‘अगं ती लहान आहे. घाबरेल. मुलांच्या मनात एक चित्र बसलं की बसतं. तू बरी होशील, केस येतील, पण तिच्या डोक्यात तेच राहील.’

‘इतकी भयंकर दिसते मी?’

‘तसं नाही म्हणाले.’

‘तू कुठे बघितलंयस मला, ताई? महिना झाला.’

मी म्हटलं, मी कामात आहे, नंतर बोलू. मग व्हरांड्यात जरा उभी राहिले. समोरच्या इमारतीत एक बाई खिडकीची काच पुसत होती, ती पुसून होईपर्यंत उभी राहिले. परत आले तेव्हा अकरा मिनिटं पुढे गेली होती.

ऑपरेटरला विचारलं, मधे काय होतं? म्हणाले, ‘काही नाही मॅडम, नुसती गुणगुण आहे. आणि तो राक्षस दोन वाक्यं बोलतो. मागे घेऊ?’ पाच वाजायला आले होते. दोन वाक्यांनी काय होतंय! नको म्हटलं. चौदा वर्षांत पहिल्यांदाच, पण चित्र मी बघितलेलं आहे, आणि ते पुरेसं बोलकं आहे.

७ तारीख, शुक्रवार

सकाळी धाकटीचे कपडे धुवायला टाकले. तिला दवाखान्याची उशी टोचते, म्हणून घरची खोळ दिली होती. खोळीला केस असतील म्हणून मी मुंगीला बाहेर खेळायला पिटाळून मगच पिशवी उघडली. खोळ जवळजवळ स्वच्छ निघाली. तिला वाटतंय तितके काही गळत नसावेत. बरं वाटलं.

मुंगी हल्ली मधेच अंगठ्यांनी कान आणि उरलेल्या बोटांनी डोळे बंद करून उभी राहते. विचारलं तर म्हणते, वाट बघतेय. लहान मुलांचे खेळ.

१० तारीख, सोमवार

मुलांची तपासणी झाली. तीन मुली, दोन मुलगे, चार ते सहा वयाचे. त्यांच्या आया बाहेरच्या बाकावर.

मी नेहमीप्रमाणे पडद्याकडे पाठ करून, स्टूलवर, हातात स्टॉपवॉच, कानात कापसाचे बोळे. हे बोळेही माझ्या बाईंचीच शिकवण. संगीत ऐकू आलं की भीती आपल्यालाच वाटते आणि मग तीच आपण मुलांच्या तोंडावर वाचतो, असं त्या म्हणायच्या. तोंडापेक्षा पाय बघ, हेही त्यांचंच. मूल तोंडाने हसतं, पण घाबरलं की पाय वर घेतं. खुर्चीत पाय घेतले एक खूण, शेजाऱ्याला धरलं दुसरी, डोळे झाकले तिसरी, उठून आईच्या मांडीवर गेलं की संपलं, तो चित्रपट सातच्या वर.

चाळीस मिनिटं सगळं सुरळीत. एकीने नाकात बोट घातलं, एकाने ते बघून घातलं. आणि एक्केचाळिसाव्या मिनिटाला पाचही मुलांनी डोळे झाकले. पाचच्या पाच! दोन्ही हातांनी, गच्च. एकानेही बोटांच्या फटीतून बघितलं नाही, आणि एरवी फटीतून बघत नाही असं मूल मी अजून पाहिलेलं नाही. बावन्न सेकंद. मग पाचही जणांचे हात एकदमच खाली आले, शाळेची घंटा झाल्यासारखे.

एक गोष्ट मात्र नमूद करते. पाय कुणीच वर घेतले नाहीत. उलट लोंबकळते पाय मजेत हलत होते. याचा अर्थ लागला नाही. पण हात इतके स्पष्ट होते की पायांचं फार मनावर घ्यायला नको.

खरं सांगायचं तर मला आनंद झाला. आपलं म्हणणं बरोबर निघाल्याचा असतो तसला.

११ तारीख, मंगळवार

अहवाल दिला. ‘सात वर्षांवरील. एक्केचाळिसाव्या मिनिटाला परिचित प्रिय पात्राचे रूप अचानक बदलते. लहान बालकांना ते सोसत नाही.’ साहेबांनी चष्मा कपाळावर ढकलून वाचलं. म्हणाले, ‘पाय हलत होते म्हणता?’ मी म्हटलं, अपवाद. ते म्हणाले, ‘तुम्ही म्हणताय म्हणजे असेल.’ सही केली. साहेब मला कधी उलट विचारत नाहीत.

संध्याकाळी धाकटीला फोन केला. आता माझ्याकडे पुरावा होता. पाच मुलं, बावन्न सेकंद, सगळं सांगितलं. म्हटलं, ‘मी बहीण म्हणून नाही, या कामातली माणूस म्हणून सांगते. तिला आणणं बरोबर नाही. सहा आठवड्यांनी केस थोडे आले की आणू.’

ती म्हणाली, ‘सहा आठवड्यांनी.’ मग म्हणाली, ‘बरं. तुला जास्त कळतं.’

धाकटी आयुष्यात मला असं कधी म्हणालेली नाही. लहानपणी तर मी उजवं म्हटलं की ती डावीकडे जायची. मी जिंकले.

मग मुंगीने फोन घेतला. नेहमी ती घोड्यांबद्दल बोलते. आज म्हणाली, ‘आई, घाई नको करूस हं. सावकाश. मी नाही बघत.’ पलीकडून धाकटी काय बोलली ते कळलं नाही. मुंगीने फोन माझ्या हातात दिला तेव्हा तो कट झाला होता.

‘मी नाही बघत’ म्हणजे काय? तिलाही बघायचं नाहीच, असा मी अर्थ घेतला. पोरांना बरोबर कळतं.

१३ तारीख, गुरुवार

दवाखान्यात पिशवी दिली. लिफ्ट रिकामी होती. मी चौथ्या मजल्याचं बटण दाबलं, दार मिटायला लागलं, आणि मी हात घालून बाहेर आले. एक फोन करायचा राहिलाय असं वाटलं. कुणाला, ते बाहेर आल्यावर आठवेना.

१५ तारीख, शनिवार

आज सगळं लिहायचं आहे, जसं झालं तसं.

सकाळी मुंगीची आंघोळ झाली. मी न्हाणीघराच्या दारात टॉवेल घेऊन उभी. तिने टॉवेल ओढून घेतला, अंगभर गुंडाळला आणि आतून ओरडली, ‘मी अजून तयार नाही. डोळे मीट!’

मी म्हटलं, चल गं, दूध निवतंय.

‘मीट ना!’

मिटले.

‘हातांनी झाक. नुसतं मिटलेलं चालत नाही. दोन्ही हातांनी. मी सांगेन तेव्हा उघडायचं.’

मी दोन्ही हातांनी डोळे झाकले. गच्च. न्हाणीघराच्या दारात, डोळे झाकून उभी आहे आणि माझेच पाय मला समोर दिसावेत तसे दिसले: जमिनीवर, निवांत. मला कसलीही भीती वाटत नव्हती. मी फक्त कुणाचंतरी ऐकत होते.

‘आता बघ!’ मुंगी म्हणाली. फ्रॉक उलटा घातलेला होता, बटणं पुढे.

मी विचारलं, ‘हे कुठे शिकलीस?’

‘तो म्हणतो ना. केस पडतात तेव्हा. चादरीतून म्हणतो, मी अजून तयार नाही, मला लाज वाटते, सगळ्यांनी डोळे झाका. मी सांगेन तेव्हा बघा. मग सगळे झाकतात. खाली बसली होती ती मुलं पण झाकत होती. मी पण झाकले. मशीनवाल्या काकांनी पण झाकले.’

‘तू चित्रपट बघितलास?’

‘चारदा. तू नसतेस तेव्हा पण काका लावतात. खुर्ची फिरवून देतात.’

‘आणि घाबरलात म्हणून झाकलेत ना डोळे?’

तिने माझ्याकडे असं बघितलं की आमच्या दोघींत बालवाडीत कोण जातं असा प्रश्न पडावा. ‘घाबरून कशाला? त्याला लाज वाटत होती ना, मावशी. त्याने सांगितलं म्हणून.’

मग माझ्या हातातला कंगवा घेऊन म्हणाली, ‘आई पण तयार होतेय ना? तिचे पण पडले.’

मी कुणी सांगितलं म्हणून विचारलं. कुणी नाही. माझ्या पिशवीतली खोळ ती दर वेळी माझ्या आधी काढते. केस उचलते, आणि पेन्सिलीच्या डबीत ठेवते. डबी आणून दाखवली. पेन्सिली पलंगाखाली होत्या. डबीत धाकटीचे केस, नीट एका दिशेने लावून, वर रबराचा तुकडा ठेवलेला, उडू नयेत म्हणून. लांब, काळेभोर. लहानपणी मीच विंचरायचे.

मी तिथेच, ओल्या जमिनीवर बसले.

म्हटलं, ‘मुंगी, मी खोटं बोलले होते. दवाखान्यात लहान मुलांना सोडतात.’

वाटलं, चिडेल. ती विचारात पडली. मग म्हणाली, ‘आणि मोठ्या माणसांना?’

‘त्यांनाही सोडतात.’

‘मग तू का नाही जात?’

‘जाते की मी.’

‘तू लगेच येतेस. काकांचा चहा पण संपत नाही.’

मी उठून ओली जमीन पुसायला घेतली.

ऑफिसला शनिवारी अर्धा दिवस असतं. मुंगीला घेऊन गेले, ऑपरेटरला ती अकरा मिनिटं लावायला सांगितली. चित्र आणि आवाज, दोन्ही एकत्र. हे आमच्या रीतीत बसत नाही. मुलं बसतात त्या खुर्चीत बसले, मुंगी शेजारी.

ऑपरेटर म्हणाले तशी गुणगुण आहे. चादरीआडून राक्षस स्वतःला धीर द्यायला काहीतरी गुणगुणतोय. मग दोन वाक्यं. पडद्यावरची मुलं डोळे झाकतात, आवाजाशिवाय बघितलं तेव्हा ती घाबरलीत असं मी धरलं होतं. तो चादरीच्या कडेने हळूच बघतो, खरंच कुणी बघत नाही ना. एक पाऊल पुढे टाकतो, परत मागे जातो. बावन्न सेकंद तो हेच करतो. आणि मग इतक्या बारीक आवाजात ‘बघा’ म्हणतो, एवढ्या मोठ्या राक्षसाचा एवढासा आवाज, की मला हुंदका आवरला नाही. मुंगीने तिचा रुमाल दिला. त्याला जेली लागलेली होती.

केबिनमधून खाली येऊन ऑपरेटर खाली मान घालून म्हणाले, ‘चुकलंच मॅडम, तुम्ही पाठ करून बसवायला सांगितलं होतं.’ मी म्हटलं, तुमचं नाही चुकलं. मला कुणीतरी पाठ करून बसवलं होतं, आणि ते मीच. मग तेही जरा सैलावले. म्हणाले, ‘राग मानू नका, पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ना, तसं झालं तुमचं. हा बिचारा तर साधा राक्षस.’

राग आला नाही. आला असता तर बरं वाटलं असतं.

१७ तारीख, सोमवार

साहेबांपुढे दुसरा कागद ठेवला. ‘माझी तपासणी सदोष होती. आवाजाच्या तपासणीत मी अकरा मिनिटं हजर नव्हते. मुलांनी डोळे भीतीने नव्हे, पात्राच्या विनंतीला मान देऊन झाकले. पायांवरून हे उघड होते. शिफारस: सर्वांसाठी.’

साहेब म्हणाले, ‘चौदा वर्षांत तुमच्या कागदावर खाडाखोड बघितली नव्हती.’ मी म्हटलं, खुशाल माझ्या फायलीला लावा. ते म्हणाले, लावावी तर लागेलच. मग शिक्का स्वतःच मारला. मी निघाले तर मागून म्हणाले, ‘अकरा मिनिटं कुठे होतात?’

‘बहिणीचा फोन होता.’

‘मग फोन पुरा केलात का?’

मी नाही म्हटलं. त्यांनी हातानेच जा म्हणून खूण केली.

व्हरांड्यातून फोन लावला. म्हटलं, ‘उद्या आणते तिला. चार वाजता.’ धाकटी म्हणाली, ‘मी टोपी घालू का?’

‘तिला विचार ना,’ मी म्हटलं. ‘मला या विषयातलं काही कळत नाही.’

खूप दिवसांनी ती फिस्सकन हसली. मग खोकला आला.

१८ तारीख, मंगळवार

घरी येऊन, मुंगी जेवतेय तोवर लिहिते.

वाटेत तिला सगळं सांगितलं. केस नाहीत, चेहरा सुजलाय, हाताला नळी आहे. ती प्रत्येकाला ‘हं’ म्हणत होती, शाळेत हजेरी देतात तसं. लिफ्टमध्ये बटण तिने दाबलं. मी तिचं बोट धरलं होतं. वर पोचल्यावर कळलं की तीच माझं धरून होती.

दाराशी तिने टकटक केली. ‘आई, मी आलेय. झाली का तयारी?’

आतून, ‘थांब हं जरा.’ काहीतरी सरकवल्याचा आवाज. मग, ‘ये.’

मुंगी आत गेली आणि मी बाहेरच थांबले. कुणी थांब म्हटलं नव्हतं. दार आपोआप मिटणारं आहे. भिंतीवर आग लागल्यास काय करावे याची पाटी होती, ती तीनदा वाचली. आत शांतता. चौदा वर्षं मी मुलांच्या तोंडाकडे बघून दुनियेला शिकवलं की ती कधी घाबरतात, आणि ज्या एका मुलीचं तोंड मला बघायचं होतं ती दाराच्या पलीकडे होती. मी कान लावून उभी. रडू ऐकू येईल, आता येईल.

ऐकू आलं ते मुंगीचं बोलणं. एकसारखं, न थांबता. घोडे, राक्षस, काका, उलटा फ्रॉक. मधे धाकटीचं हसू. मग धाकटीची हाक: ‘ताई, तू काय दारावर पहारा देतेस का? ये ना आत.’

आत गेले. मान वर होईना. पाय बघायची सवय कामी आली. पलंगावरून खाली सोडलेले चार पाय दिसले, दोन छोटे, दोन सुजलेले, शेजारी शेजारी.

‘वर बघ,’ धाकटी म्हणाली.

मी म्हटलं, बघते, थांब.

‘काय मग परीक्षक बाई? कितव्या वर्षापासून चालते मी? सात की सर्वांसाठी?’

थट्टाच करत होती. पण तिचा आवाज शेवटी थरथरला, आणि मला कळलं की इतके आठवडे हा प्रश्न तिच्या मनात होता, आणि तो मुंगीसाठी कधी नव्हताच. तिला तो मला विचारायचा होता. तिच्या बहिणीने, जिने तिला न्हाऊमाखू घातलं, तिने महिनाभर कपडे खालच्या टेबलावर ठेवून पळ काढला होता.

मी काही बोलायच्या आत मुंगी म्हणाली, ‘मला चालते. मावशीला भीती वाटते. तिला मांडीवर घे, आई.’

मी वर बघितलं. माझी धाकटी होती. केस नव्हते, भुवयाही नव्हत्या, गाल सुजून डोळे बारीक झाले होते, आणि त्या डोळ्यांतून तीच बघत होती, उजवं म्हटलं की डावीकडे जाणारी. एवढंच होतं. एवढ्याला मी महिनाभर भीत होते.

मला तिला काहीतरी सांगायचं होतं. माफ कर, किंवा तसंच काही. तोंडातून निघालं ते एवढंच, की धाकटे, तू मेलीस तर मी काय करू. जे मुंगीसमोर कधीही बोलायचं नाही असं ठरवलं होतं, नेमकं तेच. मुंगी डोळे मोठे करून माझ्याकडे बघत होती, पण घाबरलेली नव्हती. ती सरकली आणि मला जागा करून दिली.

‘मला पण तीच भीती वाटते, ताई,’ धाकटी म्हणाली. ‘ये इकडे.’

नऊ वर्षांनी मोठी मी, धाकटीच्या मांडीवर डोकं ठेवून पोट भरून रडले. तिने नळी नसलेला हात माझ्या केसांवर ठेवला. मुंगी माझ्या पाठीवर थोपटत होती, जरा जोरातच.

पाचला सिस्टर आल्या. वेळ संपली, म्हणाल्या, पेशंटला आता आराम हवा.

‘अजून पाच मिनिटं द्या, सिस्टर,’ धाकटी म्हणाली. ‘हिची भीती अजून जायचीय.’

सिस्टरांनी आमच्या तिघींकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, आणि दार ओढून घेतलं.